पाहुण्यांच्या स्टँडमधून फातोर्डा : भुसावळ ते मडगाव आणि परत

यार्डातला (भुसावळ)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. गोष्ट एप्रिल २०२४ मधली आहे, पण अजून कालची वाटते.

गोवा एक्सप्रेस भुसावळहून सकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला मडगावला उतरवते. मनमाड, दौंड, पुणे, मिरज, बेळगाव, मग लोंढ्यानंतर घाट. एका फुटबॉल मॅचसाठी एवढं कोणी जातं का, असं घरात सगळ्यांनी विचारून झालं. मी आणि माझी लेक गेलो. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. रेल्वे ग्राउंडवर मुलांबरोबर गोलकीपर उभी राहते. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक फणी केळी. दौंड येईपर्यंत दशम्या संपल्या.

आधी हे सांगतो की भुसावळचा माणूस मुंबई सिटीच्या मागे का लागतो. आपल्या खान्देशात मोठ्या लीगचा क्लब नाही. पुण्याचा होता, तो २०१९ ला बंद पडला. उरला मुंबईचा, आणि अंधेरीचं मैदान आपल्यापासून साडेचारशे किलोमीटर. म्हणजे आमचं 'घरचं' मैदानसुद्धा परगावातच. रात्री मॅच संपली की सीएसएमटी किंवा दादर गाठायचं, मिळेल त्या डब्यात उभं राहायचं आणि सकाळी ड्युटीवर. त्यामुळे पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या मैदानावर बसणं आम्हाला काही नवीन नाही. पण गोव्यात पहिल्यांदाच गेलो.

मॅच होती आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) सेमीफायनलचा पहिला लेग, म्हणजे दोन मॅचपैकी पहिली, २४ एप्रिल, बुधवार. एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी, फातोर्ड्याचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम.

या मैदानाबद्दल थोडं, कारण मी मुख्य करून तेच बघायला गेलो होतो. १९८९ ला नेहरू कप या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेसाठी ते उभं राहिलं. त्या वर्षीचा कप हंगेरीने नेला. म्हणजे मी गेलो तेव्हा स्टेडियमला पस्तीस वर्षं झाली होती. माणसाला पस्तीस म्हणजे काहीच नाही, पण समुद्राच्या हवेतल्या काँक्रीटला आणि लोखंडाला पस्तीस म्हणजे पुष्कळ. इथे क्रिकेटच्या वनडेही झाल्या आहेत. २००१ ला भारत-ऑस्ट्रेलिया, २००७ ला भारत-श्रीलंका. पुढे २०१४ च्या लुसोफोनिया गेम्ससाठी (पोर्तुगीजशी नातं असलेल्या देशांच्या स्पर्धा) आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपसाठी डागडुजी झाली. साधारण १९,००० माणूस बसतं. आणि आमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मार्च २०२१ ला मुंबईने पहिल्यांदा आयएसएलचा कप उचलला तो इथेच, एटीके मोहन बागानला २-१ हरवून. कोविडमुळे तेव्हा स्टेडियम रिकामं होतं. आपला क्लब जिंकला आणि टाळी वाजवायला एक माणूस नव्हता. त्या रात्री मी टीव्हीसमोर ठरवलं होतं की एकदा तरी या पायऱ्यांवर बसायचं.

दुपार लॉजवर झोपून काढली. पाचला निघालो. कदंब बसस्टँडपासून चालतच गेलो. जर्सी पिशवीत ठेवली होती, कारण रस्ता सगळा गोव्याच्या नारिंगी रंगात. एका गाड्यावर रस-ऑम्लेट खाल्लं. ऑम्लेटवर कोंबडीचा रस्सा ओततात आणि पावाबरोबर देतात. गाडीवाल्याने कुठून आलात विचारलं. भुसावळ म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. दिल्लीला जाताना याच गाडीने तो भुसावळवरून कितीदा गेला होता, फलाटावर जेवण घेतलं होतं. मग पिशवीतून डोकावणारी निळी बाही त्याला दिसली. काही बोलला नाही, पळी उचलून अजून रस वाढला. लेकीने त्यानंतर जर्सी काढून अंगात घातली. म्हणाली, "पप्पा, लपवायचं काय त्यात."

आत गेलो. पाहुण्यांसाठी स्टँडचा एक तुकडा वेगळा राखलेला, मध्ये मोकळी जागा आणि पोलीस. मुंबईच्या चाहत्यांच्या वेस्ट कोस्ट ब्रिगेडची पोरं ढोल घेऊन आधीच आली होती. आम्ही दोघं जरा वरच्या पायरीवर बसलो. सूर्य बुडाला होता तरी काँक्रीटमध्ये दिवसभराचं ऊन साठलेलं. बसलो तर खालून ऊब लागत होती, आपल्याकडे रात्री गच्चीवर अंथरूण टाकल्यावर लागते तशी. पायऱ्यांच्या कडा इतक्या झिजल्या होत्या की आतली खडी वर आलेली. शेजारच्या कठड्याचा रंग एका जागी उडाला होता. नखाने बघितलं तर पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली निळा आणि त्याखाली गंज. प्रत्येक मोठ्या स्पर्धेच्या आधी कोणीतरी ब्रश घेऊन इथे उभं राहिलेलं असणार. मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं, मला रंगाचे थर दिसले की बरं वाटतं. ज्या वस्तूवर तीन थर असतात ती कोणीतरी तीन वेळा सांभाळलेली असते.

मॅच तुम्हाला माहीत असेल, तरी सांगतो. सोळाव्या मिनिटाला गोव्याच्या बोरिस सिंगने गोल केला. छप्पन्नाव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसने दुसरा. ब्रँडन मडगावचाच. तो गोल झाला तेव्हा पायाखालची पायरी हलली, खरोखर हलली. ढोल थांबले. ऐंशीव्या मिनिटाच्या आसपास आमच्या तुकड्यात कोणी बोलत नव्हतं.

आणि मग नव्वदाव्या मिनिटाला आमचा छांगते. लगेच पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप. आणि सहाव्या जादा मिनिटाला परत छांगते. २-० चं २-३. मी ओरडत होतो, कोणाला मिठी मारली आठवत नाही. खाली बघितलं तर लेक उभी होती, पण उडी मारत नव्हती. ती गोव्याच्या गोलकीपरकडे बघत होती. तो गोलच्या जाळीत हात अडकवून तसाच उभा. "पप्पा, त्याच्याकडं कोणीच जाईना." एवढंच म्हणाली.

आणि ते मैदान! एवढी माणसं असताना इतकं शांत मैदान मी पाहिलं नाही. कोणी शिवी दिली नाही, बाटली फेकली नाही. बसून राहिली माणसं.

मॅच संपल्यावर पोलिसांनी पाहुण्यांना आत थांबवून ठेवलं, घरची गर्दी पांगेपर्यंत. पाऊण तास तरी गेला असेल. या पाऊण तासासाठीच मी हा धागा काढला आहे. अर्धे दिवे मालवले. झाडूवाल्या बायका वरच्या पायरीपासून खाली येत होत्या, प्रत्येकीने आपापली रांग धरलेली. आणि मैदानावर एक म्हातारा माळी बादली घेऊन निघाला, तो थेट गोलच्या तोंडाशी. गोलकीपर नाचून नाचून जिथे खड्डा पडतो तिथे गुडघ्यावर बसला. उखडलेले गवताचे तुकडे एकेक करून जागेवर बसवले, हाताच्या मुठीने ठोकले, फटीत वाळू सोडली आणि तळव्याने सारखी केली. एक गोलपोस्ट झाला की चालत पार दुसऱ्या टोकाला. त्याचा क्लब आत्ताच, सहा मिनिटांत, हातातली मॅच हरला होता. तरी त्याने दुसऱ्या खड्ड्यात पहिल्याइतकीच वाळू घातली. लेक कठड्याला धरून पूर्ण वेळ ते बघत होती.

घरच्या प्रेक्षकाला हे कधी दिसत नसणार. तो घाईने बस पकडायला जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी. दूधसागरला एप्रिलमध्ये पाण्याची एक बारीक रेघ होती.

तुमच्यापैकी कोण कोण जुन्या मैदानावर पाहुणा म्हणून गेलंय? लिहा. पायऱ्या, पाणी, गेट, जेवण, सगळं लिहा. पुढच्याला उपयोग होईल.

---

पांझराकाठ (मूळ धुळे, सध्या लेस्टर)

भाऊ, भलतं भारी लिखेल शे. मन्हा आंगवर काटा उना.

आता माझं. मी नोकरीमुळे लेस्टरला आलो आणि साहजिकच लेस्टर सिटीचा झालो. १ फेब्रुवारी २०२५ ला लिव्हरपूलला गुडिसन पार्कवर गेलो, एव्हर्टनच्या घरी. १८९२ चं मैदान. त्यांचा तो शेवटचा हंगाम होता, म्हणून मुद्दाम.

पाहुण्यांना बुलेन्स रोड स्टँडच्या एका टोकाला बसवायचे. खुर्च्या लाकडी. अरुंद इतक्या की थंडीचं जाड जॅकेट घातलेली दोन माणसं शेजारी बसली की तिसऱ्याला तिरकं बसावं लागे. आणि माझ्यासमोर छपराचा लोखंडी खांब. एका बाजूचा गोलपोस्ट त्यामागे अर्धा झाकलेला. तिकिटावर तसं छापलेलं होतं, पण छापलेलं वाचणं वेगळं आणि नव्वद मिनिटं मान वाकडी करून बसणं वेगळं.

मी खुर्चीची फळी खाली पाडतोय तोवर गोल! दहाव्या सेकंदाला. डुकुरेने केला. ४-० ने हरलो. आमच्या नशिबात यार्डातल्या दादांसारखी शेवटची सहा मिनिटं नव्हती.

पण मान वाकडी करून जे दिसलं ते विसरत नाही. स्टँडच्या पुढच्या बाजूला लोखंडी पट्ट्यांची फुल्या-फुल्यांची जाळी आहे, आर्किबाल्ड लीच नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरची. आणि मैदानाच्या कोपऱ्याला लागून सेंट ल्यूक चर्च, इतकं लागून की दोन स्टँडच्या मधून चर्चची भिंत दिसते. आपल्याकडे देवळाला लागून तालीम असते तसं. याच गवतावर १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये युसेबिओने उत्तर कोरियाला चार गोल मारले होते.

१८ मे २०२५ ला पुरुषांची शेवटची मॅच झाली, साउदॅम्प्टनविरुद्ध, २-०. मग क्लब नदीकाठच्या गोदीत बांधलेल्या नव्या स्टेडियमवर गेला. पण गुडिसन पाडलं नाही. ते आता एव्हर्टनच्या महिला संघाचं घर आहे. हे तुमच्या लेकीला नक्की सांगा.

---

केळीबाग (रावेर)

दोन्ही वर्णनं सुंदर. पण मला एक खटकतं, स्पष्ट बोलतो. जुनं म्हटलं की आपण लगेच हळवे होतो. झिजलेली पायरी म्हणजे पाय घसरायची जागा. गंजलेला कठडा म्हणजे तुटणारा कठडा. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅचला चेंगराचेंगरीत सोळा माणसं गेली. बंगालमध्ये आजही तो दिवस त्यांच्या आठवणीत पाळतात, रक्तदान करतात. सॉल्ट लेक स्टेडियम १९८४ ला सुरू झालं. तिथे १९९७ च्या फेडरेशन कप सेमीफायनलला १,३१,००० च्या वर माणूस होतं. आज त्याच्या निम्मीच जागा ठेवली आहे, बाकड्यांऐवजी खुर्च्या आल्या. मला हेच बरोबर वाटतं. मजा थोडी कमी झाली तरी चालेल, माणूस घरी परत आला पाहिजे.

---

सातपुडा (शहादा)

केळीबाग दादांशी मी सहमत आहे, आणि का ते सांगते.

स्टेडियमचं नाव मी घेणार नाही. राज्याबाहेरचं आहे, जुनं आहे. मी, माझा भाऊ आणि आई गेलो होतो. आईला फुटबॉल कळतं, ती आश्रमशाळेत शिक्षिका होती आणि पोरींच्या टीम घेऊन गावोगाव फिरली आहे. वय एकसष्ट, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पाहुण्यांचं गेट मागच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून बरंच आत, दिवा नाही. आत गेल्यावर सत्तेचाळीस पायऱ्या. मोजल्या, कारण आई प्रत्येक पायरीला थांबत होती. कठडा एकाच बाजूला आणि तोही मध्येच संपलेला. पाण्याची बाटली गेटवर काढून घेतली, ते समजू शकते, नियम आहे. पण आत आमच्या बाजूच्या नळाला पाणी नव्हतं. बायकांच्या बाथरूमला कुलूप. चावी कोणाकडे आहे हे विचारत भाऊ दोन वेळा खाली-वर गेला. शेवटी घरच्या बाजूच्या एका बाईने पोलिसाशी वाद घालून आईला त्यांच्याकडे नेलं, बाथरूम दाखवलं, पाणी दिलं आणि हाताला धरून परत आणून सोडलं. तिच्या गळ्यात समोरच्या टीमचा स्कार्फ होता.

आई अजून त्या बाईचं नाव काढते. मॅचचा स्कोअर तिला आठवत नाही. पण मी परत आईला नेलं नाही, आणि ती परत म्हणालीही नाही. याचं मला फार वाईट वाटतं. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींना मैदानावर नेलं.

---

यार्डातला

सातपुडा ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचेना. आईंना माझा नमस्कार सांगा.

मी मूळ धाग्यात पायऱ्यांवर प्रेमाने लिहिलं. पण माझी लेक तेरा वर्षांची आणि मी अजून चालता-फिरता. गुडघा दुखत असता तर मी रंगाचे थर मोजत बसलो नसतो, हे खरं.

केळीबाग दादा, तुमचंही पटलं. फक्त एक. कठडा, पाणी, दिवा आणि बाथरूमची चावी यासाठी स्टेडियम पाडावं लागत नाही. या चारही गोष्टी महिन्याभरात होणाऱ्या आहेत. वर्कशॉपमध्ये आम्ही जुना डबा भंगारात काढायच्या आधी त्याची चाकं, ब्रेक, पायदान तपासायचो. पुष्कळदा नुसतं पायदान बदललं की डबा अजून दहा वर्षं धावायचा.

---

फातोर्ड्याचा (मडगाव)

हा धागा मला मित्राने पाठवला. मी गोव्याचा, घरात कोंकणी बोलतो, पण शाळा मराठी. चुकलं तर सांभाळून घ्या.

यार्डातले काका, त्या रात्री मी समोरच्या स्टँडमध्ये होतो. तुम्ही म्हणता माणसं बसून राहिली. का बसली ते मी सांगतो. आम्हाला हे आधी झालेलं होतं. २० डिसेंबर २०१५, आयएसएलची फायनल, हेच मैदान. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल केला आणि आम्ही २-१ ने पुढे. बाबांनी मला खांद्यावर घेतलं, मी तेव्हा लहान नव्हतो, तरी घेतलं. आणि मग चेन्नईच्या संघाचे, चेन्नईयिनचे, दोन गोल झाले. शेवटचा मेंडोझाचा. २-३. तुमच्या रात्रीचाही स्कोअर तोच, २-३. तिसरा गोल झाला तेव्हा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि नुसती मान हलवली. आठ वर्षांपूर्वीची जखम तिथेच उघडली. त्याला ओरडून काय करायचं?

२०१५ च्याच नोव्हेंबरमध्ये आम्ही तुमच्या मुंबईला इथेच ७-० ने हरवलं होतं, तेही लिहून ठेवतो, म्हणजे धाग्यात दोन्ही बाजू राहतील.

माळ्याचं वाचून मी दोन वेळा थांबलो. मी लहानपणापासून त्या स्टेडियममध्ये जातो, आमचं घर चालत दहा मिनिटांवर. मॅचनंतरचा तो पाऊण तास मी कधी पाहिलाच नाही. तुम्ही पाहुणे म्हणून पाहिलात.

येणाऱ्यांसाठी: पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. एप्रिलमध्ये घामाने जीव जातो. तुमच्याकडचं ऊन कोरडं, आमचं ओलं. मॅचनंतर उशीर होतो, रात्रीच्या बसच्या भरवशावर राहू नका, मडगावातच मुक्काम करा. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा. आणि निळी जर्सी घाला, काही होत नाही. रस-ऑम्लेट मात्र मॅचच्या आधी खा. नंतर खाल्लं आणि आम्ही हरलेलो असलो तर गाडीवाला गप्प असतो.

---

लोको_अडुसष्ट (भुसावळ)

फातोर्ड्याच्या पोरा, तुझी मराठी छान आहे. काळजी करू नको.

मी निवृत्त लोको पायलट. आमच्या तरुणपणी रोव्हर्स कप बघायला मुंबईला कूपरेजवर जायचो. पास होता, भाड्याचा प्रश्न नव्हता, सुट्टीचा होता. रोव्हर्स १८९१ पासूनची स्पर्धा. पुढे बंद पडली. कूपरेज मंत्रालयाच्या बाजूला, मैदान लहान, प्रेक्षक अगदी टचलाइनला लागून. खेळाडूचा श्वास ऐकू यायचा. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, महिंद्र ही मुंबईची पथकं. कंपनीची नोकरी आणि फुटबॉल एकत्र. आमच्या रेल्वेतही तसंच होतं, खेळाडू म्हणून भरती झालेले किती जण पुढे फोरमन होऊन निवृत्त झाले.

पण मला सांगायचं ते पाहुण्यांबद्दल. साळगावकर, धेंपो असे गोव्याचे संघ आले की कूपरेजवर मुंबईचा संघच पाहुणा वाटायचा. धोबी तलाव, गिरगाव भागात गोवेकरांच्या कूड होत्या. कूड म्हणजे एकेका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली राहायची जागा. जहाजावर नोकरी लागेपर्यंत तिथे पेटी ठेवायची आणि राहायचं. आपल्या संघाची मॅच असली की कूडच्या कूड चालत कूपरेजला यायची. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला त्या दोन तासांत गाव भेटायचं. मी त्यांच्यात बसलोय. माझ्या डब्यात भरीत-भाकरी, त्यांच्याकडे पावात घातलेलं काहीतरी झणझणीत. अदलाबदल व्हायची. मी भुसावळचा, ते गोव्यातल्या साष्टीचे, दोघंही मुंबईत परके. कोणाचा संघ पुढे आहे याने फार फरक पडायचा नाही, डबा मधोमध ठेवलेला असायचा.

यार्डातल्या, तुझ्या लेकीला आमच्या ग्राउंडवर खेळताना पाहिलंय मी. उंच बॉलला पुढे यायला कचरते. तिला म्हणावं एकदा निघालीस की थांबायचं नाही, अर्ध्यात थांबलेला गोलकीपर सगळ्यात वाईट.

---

पंचगंगेवरचा_खान्देशी (मूळ चोपडा, सध्या कोल्हापूर)

लांबचे धागे वाचून राहवेना, आमच्या इथलं लिहितो. कोल्हापूरचं राजर्षी शाहू स्टेडियम. इथे पाहुणा म्हणजे परगावचा नव्हे, पलीकडच्या पेठेतला. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ. मॅचच्या दिवशी गाडीला झेंडा कोणता आहे ते बघून माणसं गल्ली बदलतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिकीट काढून दिसेल तिथे बसलो. शेजारच्याने विचारलं, "कुठल्या पेठेचं?" म्हटलं, चोपड्याचा. त्याने दोन मिनिटं विचार केला आणि माझ्यासाठी जागा करून दिली, शेंगांचा पुडा पुढे केला. अकरा वर्षं झाली, अजून मी कुठल्याच पेठेचा नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना बसता येतं. पण खरं सांगू, कधी कधी वाटतं आपल्यालाही एक झेंडा असावा. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून एक.

---

केळीबाग

लोको काका, डब्याचं वाचून डोळ्यात पाणी आलं. माझा मुद्दा तोच आहे, पण सातपुडा ताईंच्या आईंना हात धरून नेणारी बाई आणि तुमची कूड, हे नव्या स्टेडियमच्या नकाशात कुठे बसवायचं ते मला सुचलेलं नाही.

पंचगंगेवरच्या भाऊ, झेंड्याचं मनावर घ्या. रंग केळीच्या पानाचा ठेवा.

---

सातपुडा

हा सगळा धागा काल रात्री आईला वाचून दाखवला. माळ्याच्या जागी तिने मला परत वाचायला लावलं. मग म्हणाली, फातोर्ड्याला पायऱ्या किती आहेत विचार.

---

फातोर्ड्याचा

ताई, मी आज संध्याकाळी जाऊन मोजून येतो. खालच्या स्टँडला कमी आहेत, आईंना तिथलं तिकीट काढू. तुम्ही पाहुण्यांच्या तुकड्यात बसू नका, आमच्याकडे बसा. माझी आई येईल बरोबर.

---

यार्डातला

काका, तुमचा निरोप लेकीला दिला. ती म्हणाली, काकांना सांगा की पाय घसरतो म्हणून मी थांबते, गोलसमोर खड्डा आहे. परवापासून प्रॅक्टिसच्या आधी अर्धा तास जाते. घरामागे बांधकामाची वाळू पडली आहे, त्यातली अर्धी बादली सायकलच्या हँडलला अडकवून नेते. एकाच बाजूचा भरत असशील, असं मी विचारलं. नाही म्हणाली, दोन्ही.

पांझराकाठ भाऊ, गुडिसनचंही सांगितलं. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.

सातपुडा ताई, तारीख ठरली की कळवा. तुम्ही नंदुरबारकडून भुसावळला या, तिथून गोवा एक्सप्रेसला एकत्र बसू. आईंसाठी खालचा बर्थ हवा, म्हणून तिकीट खिडकी उघडेल त्याच दिवशी काढावं लागेल. दशम्या आमच्याकडून. लोको काका, तुमचा पास अजून चालतो ना?

---

लोको_अडुसष्ट

चालतो. भरीत माझ्याकडे. वांगी बामणोदची आणतो.